पोथीच्या वळणाची लग्नपत्रिका

तीर्थरूप तानबामामा, समुद्रपूर, यायले देवळीहून भाचा गजेंद्राचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यापासून तुमी सुईत दोरा ओवता असं ऐकलं, लय बरं वाटलं. (डोळ्याचं मी उगाच नाई विचारून राह्यलो, पुढं समजन.) इकडं बाबा खुशाल आहेत. मी नाई. येत्या मंगळवारी माझं लग्न आहे, आणि ते लागते का मोडते हे रविवारी ठरणार आहे. फोन तुमी उचलत नाई, म्हणून हा कागद एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून राह्यलो. पत्रिका तुमाले भेटली असन. वाचली नसन, कारण ती कोणालेच वाचता येऊन नाई राह्यली.

मामा, चौदा वर्षं झाली, बसस्टँडजवळच्या माझ्या प्रेसमध्ये मी लोकायच्या पत्रिका छापून राह्यलो. छत्तिसाव्या वर्षी स्वतःची छापाची वेळ आली, तं म्हटलं, सगळ्यायले देतो तेच अक्षर आपल्याले काऊन? कम्प्युटरवर शोधता शोधता एक फॉन्ट भेटला. जुन्या पोथ्यायचं वळण! बोरूनं काढल्यासारखं अक्षर, इथं जाड, तिथं बारीक, एकेक वेलांटी तीन तीन अक्षरायवरून मांडवासारखी गेलेली. दोन शब्दायच्या मधात जागा सोडाची भानगडच नाई. (जुने लोक कागद वाचवत असतीन.) मी तं पागलच झालो. पिवळा जाड कागद घेतला, दोन्हीकडं तांबड्या रेघा मारल्या, पत्रिका लांबट कापली आणि चारशे छापून मोकळा झालो. बाबायले दाखवली. बाबा शाळेत गेलेच नाईत, ते म्हणाले, झकास आहे.

आता लोकायनं काय केलं ते आयका. शेजारच्या रामबाईनं पत्रिकेले हळदकुंकू लावून ती देवघरात ठेवली आणि रोज तिच्यापुढं उदबत्ती लावून राह्यली. गोमाजीबुवायनं तांबड्या फडक्यात बांधून ठेवली आणि मले रस्त्यात थांबवून विचारलं, पारायण कधी बसते रे? मोबाईलवर फोटो पाठवला, तं चौतीस जणायनं नुसते हात जोडून पाठवले. म्हटलं वा, चौतीस लोक येऊन राह्यले! मागून समजलं, ते नमस्कार देवाले होते. सोयाबीनच्या गंजीवर बसून रडावं असं वाटलं मले.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण पुलगावले नवरीच्या, म्हणजे प्रेरणाच्या, घरी तिच्या आत्याबाई आहेत, अनुसयाबाई. त्यायनं पत्रिका उजेडात धरली, उलटी धरली आणि सगळ्यायच्या देखत म्हटलं, "ज्याच्या मनात खोट नाई, तो स्वतःची पत्रिका अशी कायले छापीन? पह्यली बायको तं नाई याले?" झालं! आता तिकडं चुलतेमालते सगळे माझी पह्यली बायको शोधून राह्यले. दुसरी पत्रिका छापून देतो म्हटलं, तं आत्याबाई म्हणते, देवापुढं ठेवलेली पत्रिका बदलत नसते, अपशकून होते. रविवारी सकाळी दहाले ते लोक आमच्या मारुतीच्या देवळात येऊन राह्यले. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यानं पत्रिका पह्यल्या अक्षरापासून शेवटापर्यंत, न अडखळता, मोठ्यानं वाचून दाखवाची. अडखळला तं सोयरीक संपली. प्रेरणाचा फोन आलता. रडत नव्हती, हेच मले खराब वाटलं. म्हणे, माझं नाव तुमी छापलं आहे ना खरंच? मी शपथ घेतली. मामा, ही पोरगी हातची गेली तं मी काय करू, मले खरंच नाई समजत.

काल दार लावून मी स्वतः वाचाले बसलो. मजकूर माझा, छापणारा मी. चौथ्या ओळीत वेलांट्यायच्या गुंत्यात अडकलो. तिथून पुढं काय लिहिलं आहे ते मले पाठ आहे, पण दिसत नाई.

बाकी सगळं ठीक. मामीले नमस्कार, लहानायले आशीर्वाद.

तुमचा,
गजेंद्र

ता. क. सप्ताहात तुमी पोथी वाचता, वळण कसंही असो, कुठं थांबत नाई. आपल्या नात्यागोत्यात हे वाचू शकन असा माणूस एकच आहे. शनिवारच्या गाडीनं येजा. चष्मा आणजा.

आणखी एक. मागच्या सप्ताहाच्या बॅनरवर तुमचं नाव सगळ्यात खाली, मुंगीएवढं छापलं, म्हणून तुमी रागावले. चूक माझीच. यावेळी पत्रिकेत तुमचं नाव सगळ्यात मोठं घेतलं आहे. (ते कोणालेच वाचता नाई आलं, तो भाग वेगळा.)

शेवटचं. चौथ्या ओळीत आईचं नाव आहे, कौशल्याबाई. त्याच्यापुढं 'कैलासवासी' टाकाची माझी हिंमत नाई झाली. काल वाचतानी अडकलो तो तिथंच, वेलांट्यायचं मी तुमाले खोटं सांगतलं. तुमी ती ओळ वाचली की आत्याबाई विचारन, नवरदेवाची माय कुठं आहे? तिले उत्तर नका देजा. फक्त पुढची ओळ वाचजा. पुढच्या ओळीत तुमचं नाव आहे.