क्रिस्पिन ओवेलारचे कागद व इतर चीजवस्तू

मी, बासिलिसा ओकांपोस, कै. क्रिस्पिन ओवेलार यांची पत्नी, वय सहासष्ट, धंदा न्यांदुतीची, म्हणजे नाजूक लेसची, जाळी विणणे, राहणार इताउग्वा, पाराग्वे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्यात गुडघ्यांची अट नाही असे वकीलसाहेब म्हणतात. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. लिहायला शिकले तीच तिशी उलटल्यावर, मुलीच्या शाळेच्या पुस्तकावरून.

१. राहते घर, परसातली दोन आंब्याची झाडे व मातीची भट्टी माझी एकुलती मुलगी मिर्ता हिला. विणकामाच्या चौकटी व सुया मात्र तिच्या थोरल्या लेकीला द्याव्यात. मिर्ताचा टाका मी पाहिलेला आहे.

२. मोडक्या पाठीची खुर्ची स्मारक समितीचे अध्यक्ष डॉन कांदिदो यांना. गावातून बोलिव्हियाविरुद्ध चाकोच्या बिनपाण्याच्या रानातल्या लढाईवर गेलेल्यांची नावे चौकातल्या दगडावर कोरायची ठरली, तेव्हा मी नवऱ्याचे नाव द्यायला गेले. त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. बसा सुद्धा न म्हणता ते म्हणाले, "क्रिस्पिन? तो तर पाण्याची गाडी चालवायचा. लढला कुठे?"

"मग तुमचे लढवय्ये तीन वर्षं थुंकी गिळून राहिले का?" मी विचारले.

"सरकारी दाखला आणा, मग बोला."

आता त्यांनी बसावे, पण टेकू नये.

३. शिंगाचा पेला व चांदीची नळी साबिनो लुगो यांना. क्रिस्पिनबरोबर ते लष्करी इस्पितळात शेजारच्या खाटेवर होते. लंगडत्या पायाने तीनदा माझ्यासोबत बसने राजधानीत आले, लष्करी दफ्तराच्या दारात ताटकळले, आणि वाटभर मला तेरेरे, म्हणजे पाल्याचा थंडगार चहा, पाजत राहिले. दफ्तरात क्रिस्पिन ओवेलार तीन निघाले. माझा कोणता? तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, लढाईतल्या पत्रांची पाकिटं असतील ना घरात? रेजिमेंटचा आकडा असतो त्यांवर."

पाकिटे होती. ती मी जाळली.

४. त्या काळी गावोगावच्या लिहित्या-वाचत्या मुली एकेका शिपायाच्या धर्ममाता होत. चिठ्ठ्या टाकून शिपाई ठरे. त्याला पत्रे लिहायची, मोजे-बिस्किटे पाठवायची. माझ्या लग्नाला महिना झाला होता. माझा नवरा शाळेतल्या देल्फिना रेकाल्दे बाईंच्या चिठ्ठीत निघाला. धर्ममाता म्हणे! बावीस वर्षांची आई आणि एकवीस वर्षांचा लेक! तो परतला तेव्हा पेटीत तिच्या पत्रांचा गठ्ठा होता. मला अक्षर कळत नव्हते, पण बाईचे वळणदार अक्षर आहे एवढे कळत होते. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजताना मी तो गठ्ठा भट्टीत घातला. क्रिस्पिनने पाहिले, काही बोलला नाही. ते न बोलणेही मी तिच्याच खाती मांडले. त्यानंतर चाळीस वर्षे मी चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर कधी बसले नाही, पुढेच बसले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. रेजिमेंटच्या आकड्यासाठी मी तिच्या दारात गेले. तिने काही न विचारता डबा पुढे केला. त्यात त्याची अकरा पत्रे होती, पाकिटांसकट. आकडा मिळाला, तिघांतला माझा सापडला, नोंदीची नक्कल आली. पाण्याची गाडी चालवताना दोनदा जखमी. डॉन कांदिदोंनी नाव कोरले.

पण त्याच नोंदीत एक ओळ होती: मृत्यू झाल्यास कळवावे, कुमारी देल्फिना रेकाल्दे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाची बायको मी, आणि रडायचा मान हिचा? कागद घेऊन मी तशीच गेले.

"बाई, हे काय?"

"बस आधी. तुला तेव्हा वाचता येत होतं का?"

"नव्हतं येत. म्हणून नवरा द्यायचा?"

"अगं वेडे, तार पोलिसठाण्यात आली असती. तिथला शिपाई चौकात उभा राहून खडा आवाज लावून वाचायचा. नववं पत्र काढ."

मी डब्यातून काढले. त्यात लिहिले होते: बाई, तुम्ही स्वतः जा, हळू सांगा, आणि ती निजेपर्यंत तिच्याजवळ बसा.

मी उरलेली पत्रेही तिथेच बसून वाचली, मग डबाच घरी आणला. तहान, भीती, गाडीखाली लपून रडणे, सगळे तिला सांगितलेले. मला त्याने जन्मभरात एवढेच सांगितले की तिकडे डास फार होते. माझी काळजी त्याला होती, हे मी मान्य करते. पण मरणाच्या गोष्टी त्याने तिच्याशी केल्या, माझ्याशी मक्याच्या. हे मला अजून सलते आणि मरेपर्यंत सलेल. मिर्ता म्हणते, "आई, आता तरी सोड." सोडत नाही.

५. नोंदीची नक्कल मिर्ताला. अकरा पत्रे ज्यांची त्यांना परत. पाचवे मी जरा जास्त दिवस ठेवले, त्याबद्दल माफी मागत नाही.

६. देल्फिनाबाई मागच्या आठवड्यात म्हणाल्या, "साक्षीला मी सही करते." वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही." तेव्हापासून बाई रोज येऊन विचारतात, "मला काय ठेवलंयस गं?" मी सांगितलेले नाही. इथे सांगते.

गावच्या कबरस्तानात आमच्या कुटुंबाच्या ओट्यात ओळीने तीन जागा आहेत. भिंतीकडच्या जागेत क्रिस्पिन आहे. देल्फिनाबाईंना कोणी नाही, त्यांना स्वतःची जागाही नाही. दाराकडची जागा मी त्यांना देते. मधली माझी. त्या माझ्याआधी गेल्या तरी मधली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवावी, यात मिर्ताने काडीचाही बदल करू नये. त्या दोघांना जे काय बोलायचे असेल ते माझ्यावरून बोलावे. या खेपेला मलाही ऐकायचे आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, स्वतः वाचून पाहिले, व खाली सही केली. अंगठा नव्हे.

बासिलिसा ओकांपोस दे ओवेलार

साक्षीदार: एउसेबिया गाओना, शेजारीण, इसिद्रो बेनितेस, घंटा वाजवणारे

इताउग्वा, ता. १२ जून १९८१