खापरीचा हात

९ सप्टेंबर, मंगळवार
'तळदौंड'चा अकरावा भाग टाकला! फोन थरथरायचा थांबत नाही. क्लासमध्ये पोरांना एक्सेल शिकवत होते, पण लक्ष सगळं कादंबरीच्या ॲपवर.

या भागात खापरी आली. दौंड स्टेशनच्या फलाटाखाली दुसरं दौंड आहे. वर रद्द झालेल्या गाड्या तिथं वेळेवर सुटतात, हरवलेली माणसं तिथं हॉटेलं चालवतात, आणि त्या सगळ्यांवर राज्य खापरीचं. तिच्या पांढऱ्या-काळ्या हाताचा स्पर्श झाला की माणूस स्वतःचं नाव विसरतो. लोक वेडे झालेत खापरीसाठी.

कव्हरवरचा हात साखरमावशीचा. दिवाळीत ती शेवंतीची माळ ओवत होती तेव्हा काढलेला फोटो. कोडाचे डाग, मनगटावर गोंदलेली तुळस. मी फक्त जरा अंधार केला त्यात. एकानं विचारलं, 'ताई, हा हात एआयनं बनवला का?' मी हसरा चेहरा टाकला.

नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
कुणीतरी रील काढलंय. मावशीच्या वस्तीवर, कवठे येमाईच्या पुढं, तिच्या कुंपणाशी उभं राहून. 'खरी खापरी सापडली!!' मागं मावशी. झेंडूत वाकलेली. तिला कळलंच नाही की शूटिंग चाललंय.

मावशी शिरूरच्या फुलबाजारात फुलं विकते, तिथं तो हात सगळे ओळखतात. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? की आलं होतं?

१५ सप्टेंबर
कव्हर बदललं. उपयोग काय! जुनं सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार
घट बसले काल. दरवर्षी देवीची पहिली माळ मावशीच्या फुलांची. या वर्षी बायकांनी परत पाठवली. कुणाचं तरी बाळ तापानं फणफणलंय, आणि त्याच्या आईनं मावशीला पाहून पदरानं बाळाचं तोंड झाकलं म्हणे.

आई जेवताना सांगत होती. रडत होती. मी टोपणनावानं लिहिते, तिला काही माहीत नाही.

"कोन मुडद्यानं लिवलंय ते! माझ्या बहिणीनं कुनाचं काय वाईट केलं गं? नवरा गेला, मूल न्हाई, एकलीच राबती. हात झडतील लिवनाऱ्याचे!"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. खाल्ला नाही. पाचवी ते सातवी मी मावशीकडेच शिकले. त्याच हातानं ती माझी वेणी घालायची. शाळेतली एक मुलगी म्हणाली होती, तुझ्या मावशीचे हात घाण आहेत. तेव्हा मी तिला चावले होते. चावले होते!

२४ सप्टेंबर
आजही आईला सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
मावशीकडे जाऊन आले. शिरूरपर्यंत एसटी, पुढं वडापच्या जीपमध्ये. जीपमधली दोन पोरं त्याच रीलवर हसत होती. मी खिडकीकडे तोंड केलं.

मावशीला माहीत आहे. सगळं. शेजारच्या मोनालीनं फोटो दाखवला तिला.

"हात बरा आलाय माजा. दिवाळीत तूच काढला व्हतास न्हवं?"

बस. एवढंच. मग म्हणाली, "वाच की. मला कुठं वाचता येतंय."

वाचलं. गाड्यांचं वाचलं, हॉटेलांचं वाचलं. ती लहान पोरासारखी ऐकत होती — रद्द गाड्यांना तर खुदकन हसली. खापरीपाशी आले आणि दोन परिच्छेद गाळून पुढं गेले.

"मधलं गाळलंस."

"नाही गं मावशी."

"फोनवर बोट सरकवलंस की."

मग वाचावं लागलं. 'तिच्या हातावर मेलेल्या नावांची राख साचली होती. त्या हातातून कुत्रंसुद्धा भाकरी घेत नसे.' मी हे लिहिलं तेव्हा खूश झाले होते. वा, काय वाक्य जमलं, म्हणून चहा करून प्यायले होते!

मावशी उठली, भाकरी-पिठलं वाढलं. त्याच हातानं. रडायला लागले तर म्हणाली, "जेव आधी."

ठरलं. दसऱ्याला वस्तीवर सगळे जमतात. तिथं सांगणार.

२ ऑक्टोबर, दसरा
सांगितलं.

आधी सकाळी आईला. जीपमध्ये ती शेजारी बसली, पण पदर आवरून.

देवळासमोर लोक सोनं वाटत होते. मी माईक घेतला. म्हणाले, मी समृद्धी, साखरबाईंची भाची. ती गोष्ट मी लिहिली. खापरी खोटी, तळदौंड खोटं. मावशीचे डाग म्हणजे कोड — नुसता कातडीचा रंग. तिच्या हातात काही जादू नाही. ती एक साधी, गरीब बाई आहे. तिला न विचारता फोटो घेतला, माफ करा. सगळ्यांसमोर अख्खी कादंबरी डिलीट केली.

मग वस्तीतले म्हातारे हौशीरामआबा उठले. "पोरी, तू लिवलंस, पर मानलं आमी." त्यांनी मावशीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मग बायका आल्या. बाळाची आई पण आली, पाया पडली.

मावशी ताठ उभी होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

किती दिवसांनी नीट झोप लागेल आज.

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी मावशीचा फोन. मागं ट्रॅक्टरचा आवाज. संपत — तिचा धाकटा दीर — तिच्या झेंडूत नांगर घालून बांध आत सरकवतोय.

"दरसाल कोरीत व्हता. तुजी गोष्ट झाली तवापासनं बांधाकडं फिरकला न्हवता. माज्या हाताला भ्यायला व्हता. तू माईकवर सांगितलंस, हिच्या हातात काय न्हाई म्हनून."

"मावशी, मला वाटलं—"

"वाटलं. इचारलं न्हाईस. लिवताना न्हाई आन् पुसताना बी न्हाई."

ट्रॅक्टर जवळ आल्यासारखा वाटला. मी म्हणाले, आत्ता निघते, तलाठ्याकडे जाऊ, पोलिसांत जाऊ. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"ये. पर आधी परत लिव," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला नुसता हात नगं. नाव घाल. साखरबाई."