जपून ठेवलेला लॅपटॉप

प्रिय जुईली,

सात वर्षांत माझं हे पहिलंच पत्र. सासूबाईंना आज काय झालं, असं तुला वाटेल. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. पियूषचा लॅपटॉप मी आज पौडला दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्यात काहीच उरलेलं नाही. यांनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

गेल्या रविवारी तुझ्या फोनवरून गौतमीनं विचारलं, आजी, माझ्या बाबांचा आवाज कसा होता गं? तिच्या जन्माआधी दोन महिने तो गेला. दुखण्यानं बसवत नव्हतं, तरी उशीला टेकून पोटातल्या लेकरासाठी लॅपटॉपवर गोष्टी रेकॉर्ड करायचा. चांगल्या एकवीस. पोरीचा प्रश्न ऐकला आणि ठरवलं, आता लॅपटॉप तुमच्याकडे नाशिकला पाठवायचा. बाहेर काढून लावला, तर चालूच होईना.

दुरुस्तीवाला दिग्विजय आपल्या घोटावड्याचाच. त्यानं लॅपटॉप खोलून बोटाएवढी पट्टी काढली, दुसऱ्या मशीनला लावून बघितली आणि विचारलं, "काकू, ह्यो शेवटचा कवा चालू केला हुता?" मी ऐटीत सांगितलं, सात वर्षं वरच्या पत्र्याच्या खोलीत कुलपात आहे, कुणाचा हात लागू दिला नाही. त्यानं ती पट्टी माझ्यापुढं धरली. "तितंच घात झाला. ही एसएसडी हाय, समदं हिच्यातच साठतंय. लई जलद, पण वापरून जुनी झालेली, आन् वर्षानुवर्षं करंट न्हाई मिळाला की आतलं पुसत जातंय. त्यात पत्र्याखालची गरमी. मधनंमधनं चालू केला असता तर टिकलं बी असतं." पुण्याला पाठवून बघतो म्हणाला, पण आस धरू नका, हेही म्हणाला.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. लग्नातल्या शालूला मी दरवर्षी ऊन दाखवलं, पण नेसले दोनदा. तुझ्या माहेरचा डिनर सेट अजून खोक्यात आहे, त्यावरून तू मला चिडवायचीस. वापरली की वस्तू झिजते, एवढंच मला आईनं शिकवलं. लॅपटॉप शालीत गुंडाळून वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. दर दसऱ्याला विळा, कोयता, ट्रॅक्टर यांच्या बरोबरीनं त्यालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि परत कुलूप लावलं. हे म्हणायचे, अगं एकदा लावून तरी बघ. मी म्हणायचे, बिघडला तर? सात दसरे मी त्याची पूजा करत होते आणि आतलं सगळं पुसलं जात होतं. अजूनही मला हे खरं वाटत नाही.

दिग्विजयनं चिठ्ठी दिलीय, डिस्क निकामी म्हणून. नुसती ती पाठवली असती तरी भागलं असतं. तू तीनदा लॅपटॉप मागितलास आणि तीनदा मी कळवलं की तो बंद पडलाय. जुईली, तेव्हा तो चालू होता. तेराव्यानंतर एका दुपारी मी लावला होता. "बाळा, मी बाबा बोलतोय," एवढं ऐकलं आणि झाकण मिटलं. बाकीच्या वीस गोष्टी मीही ऐकल्या नाहीत, ऐकल्या की संपतील असं वाटायचं. तू माहेरीच राहिलीस, पुढे मनीषरावांशी लग्न केलंस, त्याचा राग होता. वाटलं, सून गेली, नात गेली, आवाज तरी माझ्याकडे राहू दे. तुला दिला असता तर तू तो चार ठिकाणी उतरवून ठेवला असतास. तेव्हा मशीनला बोल लावू नकोस. गौतमीला खरं सांग. तिच्या बाबांनी तिच्यासाठी एकवीस गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, आणि आजीनं त्या तिला मिळू दिल्या नाहीत. ते ऐकूनही तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं, तरच रविवारी फोन लाव.

तुझीच,
पियूषची आई