तहानलेल्या धानात पाहुणे

९ एप्रिल
उन्हाळी धानाचं पाणी तोडलं — ऐन फुलोऱ्यात! अर्धे वाफे भरलेले, अर्धे भेगाळलेले. कमी पाण्यात कोणतं वाण टिकतं ते शोधायचं, म्हणून आधी सगळ्यांना तहानेनं मारायचं. यालाच संशोधन म्हणतात. साकोलीच्या रस्त्यानं जाणारे मला शिव्या देतात. बरोबरच आहे.

११ एप्रिल
लाखनीहून आईचा फोन. "परवा दुपारी पाहुणे येऊन राहिले तुले पाह्याले. घरी ये."
परवा दुपारी मापणी! पानं भर उन्हातच मापायची असतात. फुलोरा गेला की वर्ष गेलं. "मग त्यांना वाफ्यावरच आण," म्हटलं. आईनं फोन आपटला.

१२ एप्रिल
खरंच येतात म्हणे! आईचा मेसेज — "साडी नेस."
नाही.

१३ एप्रिल
आले. मुलगा कमलेश, पांढरे बूट. त्याची आई शकुंतलाबाई. माझ्या अंगात बाबांचा जुना शर्ट, डोक्याला दुपट्टा. माझ्या आईनं कपाळावर हात मारला आणि बांधावरच पोह्यांचा डबा उघडला.

मी पान कापून यंत्रात अडकवलं, पंपानं हवा भरायला लागले. कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब येईपर्यंत भरायची. जितका जास्त दाब लागेल, तितकं झाड तहानलेलं.

कमलेश म्हणाला, "लग्न झाल्यावरही हेच का?"
"जरा पंप धरता?"
"शर्ट खराब होईल."

शकुंतलाबाईंनी पदर खोचला. "आण इकडं. मी मारतो!" मारला की! थेंब दिसला तशा ओरडल्या, "आला वं, आला!" मग उठेचनात. "या ओळीचे पानं गुंडाळले, त्या ओळीचे काहून नाही?"
"तेच तर शोधून राहिली, काकू."
शेवटच्या पानापर्यंत पंप त्यांच्याच हातात. कमलेश गाडीत, एसी लावून. स्वयंपाक येतो का, हे विचारायचं सगळेच विसरले!

१५ एप्रिल
नकार. "पोरगी उन्हात लई रापली."
खूप हसले. मग वाफ्यात उगाच डोळे भरून आले. बरं झालं, घाम होताच. आई बोलत नाही.

१६ एप्रिल
शकुंतलाबाईंचा फोन! मला वाटलं, समजूत काढतील.
"पोराचं त्याले माहीत. पुढची मापणी कधी हाये, ते सांग. मी येष्टीनं येतो. एकटीच."