जिल्हा किती खोल असतो?

मुरुडजवळून, ८ एप्रिल १९८३

तीर्थस्वरूप मन्मथमामांच्या चरणी भाचा शिवलिंग मास्तर याचे शरणार्थ.

मामा, गुडघे कसे आहेत? कमलम्मामामींचा खोकला? इकडे पाणी सोडून सगळं आहे. बातमी जळकोटला तुमच्यापर्यंत पोचलीच असेल, म्हणून आधीच सांगतो, मी विहीर जवळ केलेली नाही. म्हणजे विहिरीत गेलो होतो, पण तसा नाही. जिवंत आहे, अक्षर माझंच आहे.

झालं असं की, सोमवारी सातवीच्या फळ्यावर मी सवयीनं 'जि. उस्मानाबाद' लिहिलं. (लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले, पण हात ऐकत नाही.) संगप्पा दुकानदाराची गौरम्मा उठली आणि तिनं ते खोडायला लावलं. इथवर ठीक. मग म्हणते, "गुरुजी, जिल्हा बदलला तो वरवरच, का पार खालपर्यंत? आपल्या विहिरीच्या तळाला बी लातूरच हाय का?"

शिकवण्याचं तुमचं तत्त्वज्ञान सरळ होतं, मामा. शंका आली की आधी हात पुढे. (राग नाही, पण उजवा तळवा अजून विसरलेला नाही.) मला मात्र उत्तरच येईना, आणि खरं सांगू, लई बरं वाटलं. अकरा वर्षं मी पोरांना जे मला ठाऊक तेवढंच विचारत आलोय. म्हटलं, "मला न्हाई माहीत. चला, बघू."

गावची विहीर औंदा कोरडी ठणठणीत. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच. पोरांना वरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि मी दोराला धरून तळाशी गेलो. वरून माती, मग मुरूम, मग काळा दगड, सगळं ओरडून सांगत होतो, पोरं वहीत उतरवत होती. तळाला बुडालेल्या सात घागरी निघाल्या. (एकीवर आमच्या हेडमास्तरांच्या बायकोचं नाव! मोलकरणीवर उगाच आळ घेतला होता त्यांनी.) आणि वर चढायला लागलो तेवढ्यात दोर तुटला.

गौरम्मा शाळेत पळाली, "गुरुजी विहिरीत गेले!" नेमके त्याच वेळी नव्या जिल्हा परिषदेचे साहेब तपासणीला आलेले. हेडमास्तर महादेवप्पांनी मोठ्यानं गळा काढला. पाणीच नाही तर माणूस बुडेल कशात, हे कुणाच्या ध्यानात येईना. तुमची भाचेसून शिवकांता धावत आली, वाकून बघितलं, मी हात हलवला. त्यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहिता येत नाही. शेवटी बाज सोडून मला वर ओढलं.

साहेबांनी विचारलं, शाळेच्या वेळेत खाली काय करत होतात? म्हटलं, जिल्हा बघत होतो. झालं, नोटीस! 'आपले अध्यापनविषयक तत्त्वज्ञान आठ दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा बदली.' तीही पार तुमच्या जळकोटच्या अंगाला. मामींच्या हातच्या भाकरी खायला मी कधीही तयार आहे, पण संगप्पा म्हणायलाय की, हा मास्तर गेला तर पोरगी आठवीला बसणार न्हाई. जीव त्यातच अडकलाय. चुकलोच मी, मामा. पुन्हा असा आगाऊपणा करणार नाही.

तुमचा,
शिवलिंग

ता. क. साहेब तुमचेच जुने विद्यार्थी आहेत, ठाऊक आहे मला. शब्द टाकू नका. तत्त्वज्ञान आजच देऊन आलो, एका ओळीचं: 'मला माहीत नाही; चला, बघू.'

आणखी ता. क. विहिरीवर इंजिन बसवल्यापासून तुमच्या मोटेचा नाडा, तो जाडजूड दोर, माळ्यावर पडून आहे, तो एस.टी.च्या टपावर टाकून धाडा. (कंडक्टरला नीट सांगा, मागच्या खेपेला त्यानं लेंग्याचा आणला.) पत्र खरं त्यासाठीच. तळाचा एक कोपरा बघायचा राहिलाय.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. माझा कागद साहेबांकडून परत आलाय. मागे पेन्सिलीनं लिहिलंय: 'बदली राहू द्या. गुरुवारी मी स्वतः उतरतो, दोर जाड बघा. आणि मन्मथ गुरुजींना विचारा, सहावीत मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. छडी आठवते, प्रश्न आठवत नाही.'

मामा, तुम्हाला आठवतो का?