शेवटचे प्रकरण वगळून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा टंकलेखनाचा वर्ग (आता बंद) आणि खून (अजून चालू), हे मृत्युपत्र माझ्या पुढच्या खोलीत बसून स्वतः टाइप करीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून मी पूर्ण शुद्धीवर असल्याचे लिहून दिले आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि राग फार येतो का असेही विचारले. म्हटले, येतो, आणि तो शुद्धीचाच पुरावा समजा. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण होते तेव्हा मी तोंड उघडले नाही, ही चूक माझी, आणि ती निस्तरायला हा कागद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुस्तकांत बावीस केली, त्यांतली नऊ बनावट होती. ती कोणी पुढे आणू नयेत.

घरात मला ठकी म्हणतात. ठकी म्हणजे लाकडी बाहुली, लहानपणी मी तशी दिसायचे म्हणे. ठकवली गेली ती ठकी, हा अर्थ मी अलीकडे माझा मीच लावला आहे.

वकीलबाई शेजारी बसल्या आहेत. त्या माझ्याच वर्गात टायपिंग शिकल्या. आत्ताच म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्रात एवढं बोलत नाहीत." म्हटले, माझ्या मृत्युपत्रात बोलतात. पुढे.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, जिना आणि खालची वर्गाची खोली, हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावे. तिने ते ठेवावे, विकावे, पाडावे, माझी हरकत नाही. फक्त भिंतीवर कसलीही पाटी लावू देऊ नये. मालकांनी, म्हणजे आमच्या प्रकाशकांनी, दादाच्या घरावर संगमरवरी पाटी बसवली आहे: 'रहस्यसम्राटांची लेखनभूमी'. गॅलरीत वेताची खुर्ची ठेवून, त्याच्या हातात पेन देऊन फोटोही काढला आहे. अहो, त्या खुर्चीत बसून त्याने आयुष्यात वाण्याची यादीसुद्धा लिहिलेली नाही. ती वहिनी लिहिते.

कलम २. बँकेत जे काही निघेल तेही भाचीला. आकडा सांगत नाही, उगाच सगळे रडायला लागतील.

कलम ३. तीन टाइपरायटर. दोन धडके आहेत ते ज्याला हवे त्याने न्यावेत. तिसरा, ज्याच्या 'ख'ची कळ अडकते, तो वकीलबाईंना. खून, खोली, खिडकी, खंजीर, आणि 'खरं सांगा' हे तर प्रत्येक प्रकरणात दोनदा. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईच्या यंत्राचा नेमका ख अडकावा! सेहेचाळीस पुस्तके मी त्या अक्षरावर बोट आपटत काढली आहेत. माझ्या उजव्या तर्जनीला घट्टा आहे तो त्याचा.

कलम ४. पुस्तकांसाठी ठेवलेली विषांची वही जाळून टाकावी. वहिनीसमोर जाळावी. दादाशी भांडण झाले की ती येऊन वही मागायची, आणि मला कधी कळले नाही की ती चेष्टा करते आहे की नाही.

कलम ५. एका वर्तमानपत्रातील समीक्षकांना माझ्या जुन्या चपला द्याव्यात. त्यांनी तिसाव्या पुस्तकावर लिहिले होते, 'लेखकाची तर्कबुद्धी खणखणीत पुरुषी आहे, मात्र बायकांचे मन त्यांना मुळीच कळत नाही.' चपला कशासाठी ते त्यांच्या तर्कबुद्धीला कळेल.

कलम ६. मालकांना काही नाही. 'काही नाही' हे शब्द ठळक करावेत.

मी सव्वीस वर्षांची असताना पहिले पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते एका बैठकीत वाचून काढले, हे मान्य करते. मग चष्मा पुसत म्हणाले, "पुस्तक फर्मास आहे. पण बाईमाणसाने केलेले खून कोण विकत घेणार? घरात कोणी पुरुष आहे का?" जणू काही कपाट सरकवायचे होते. दादा बाहेर सायकल धरून उभा होता. तो तेव्हा विमा कचेरीत कारकून. त्याला आत बोलावले, चहा पाजला आणि माझ्या पुस्तकाचा लेखक केला. घरी येताना तो म्हणाला, "पहिल्या पुस्तकापुरतंच हं ठके." मी मान डोलावली. त्या मानेला आज काय करू!

पहिल्याच पुस्तकात आमच्यावर एक आपत्ती आली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाने खुनी कोण ते चहाच्या दुकानात सांगून टाकले. पुस्तक बाजारात यायच्या आधी खुनी येऊन पोचला. तेव्हापासून मी शेवटचे प्रकरण वेगळे ठेवू लागले. बाकीचा गठ्ठा दादा घेऊन जायचा आणि शेवटचे प्रकरण मी बंद पाकिटात मालकांच्या हातात स्वतः द्यायची, तेही छपाई संपत आल्यावर. दादा म्हणायचा, "मी आपला छापून आल्यावरच वाचेन, शेवटासकट. मजा जाते गं." मला ते फार आवडायचे. वाटायचे, हा खरा वाचक.

पहिली प्रत नेहमी त्याला. चार दिवसांनी तो जिन्यातूनच ओरडायचा, "झकास, ठके!" सेहेचाळीस वेळा झकास. लोकांची पत्रे त्याच्या नावाने यायची, उत्तरे मी टाइप करायची, सही तो करायचा. मला कशाचेच काही वाटले नाही, कारण तो एक शब्द माझा होता. त्यावर मी पुढचे पुस्तक काढायची.

कलम ७. घड्याळदुरुस्तीवाल्यांना मला खूप काही द्यायचे होते. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई सांगतात. तेव्हा त्यांना मी काहीही देत नाही. त्यांनी मनावर घेऊ नये. ते कोण, हे मात्र लिहून ठेवते.

मागच्या वर्षी दादाचा सत्कार झाला. मी मंचावर कडेला बसले होते. 'लेखकाची धाकटी बहीण, हस्तलिखिते टाइप करून देते' अशी माझी ओळख झाली, वर टाळ्याही पडल्या. नंतर प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या पुस्तकांत सगळे लोक घड्याळ उजव्या मनगटावर का बांधतात? कपसुद्धा डाव्या हाताने उचलतात. तुमचा तो छत्रीवाला गुप्तहेर, त्याची छत्रीही कायम डाव्या हातात. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पुस्तकांत."

मी डावखुरी आहे. शाळेत पट्ट्या मारमारून लिहिण्याचा हात बदलला, बाकी सगळे डाव्यानेच चालते. डावखुरा खुनी ही आमच्या धंद्यातली सर्वांत भिकार युक्ती, ती मी एकदाही वापरली नाही याची मला घमेंड होती. आणि इकडे मी अख्खे गावच्या गाव डावखुरे करून ठेवले होते, खुनी, मेलेले, फौजदार, सगळे! मला हे अठ्ठेचाळीस वर्षांत दिसले नाही. जे हात डोळ्यांसमोर होते तेच मी लिहीत गेले.

दादा मात्र हसून म्हणाला, "सोपं आहे. मी स्वतः डावखुरा आहे ना!" सभागृह खूश झाले. मग लोकांनी सह्यांसाठी पुस्तके पुढे केली आणि त्याने खिशातून पेन काढून उजव्या हाताने झराझरा सह्या केल्या.

चौथ्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ वर्गाच्या दारात हजर. "बाई, सत्काराच्या दिवशी तुम्ही पाण्याचा जग डाव्या हाताने उचललात. घड्याळ उजव्या मनगटावर. माझा धंदाच मनगटं बघायचा आहे. अकराव्या पुस्तकात तो मुका माळी फाटकाची कडी काढतो ना, ते वाचून मी तीन दिवस दुकान नीट उघडलं नव्हतं. ते तुम्ही लिहिलंत."

मी त्यांना बसा म्हटले, आत गेले आणि नळ सोडून रडले. सांगून टाकते, लाज कसली. मग चहा केला.

ते गेल्यावर मी तडक दादाकडे गेले. तो पेपर वाचत होता. म्हटले, "दादा, आपल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात खुनी कोण रे?"

"कुठलं?"

"बावीस आवृत्त्या निघाल्या ते."

"ते होय. तो... नोकर ना?"

माझ्या एकाही पुस्तकात नोकराने खून केलेला नाही. तो माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, त्यांना काय विचारता? दहाव्या पानावर घोरायला लागतात. मीच म्हणते त्यांना, चार दिवस झाले, जाऊन झकास म्हणून या."

"एकही नाही वाचलंस? सेहेचाळिसांतलं एकही?"

पेपर खाली न करता दादा म्हणाला, "अगं, एवढ्या भानगडी कोणाच्या लक्षात राहतात? आणि तू लिहिलंस म्हणजे चांगलंच असणार. वाचायचं काय त्यात?"

ही शाबासकी होती बरे का. मी खूश होईन असे त्याला खरोखर वाटले. मी जिना उतरले, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातली तिडीक गेलेली नाही. नाव घेतलेस, घे. खुर्ची घेतलीस, हार घेतलेस, संगमरवर घेतलास, सगळे घे. पण फुकटात मिळालेले नाव, ते कशावर छापले आहे एवढे तरी बघायचे होतेस! परक्या माणसाने मनगटे मोजली आणि सख्ख्या भावाला दहा पाने झेपली नाहीत.

कलम ८. सेहेचाळीस पुस्तके कायद्याने दादाची आहेत. वकीलबाईंनी कागद पाहिले, त्यावर माझे नाव कुठेही नाही. जे माझे नाही ते मी कोणाला देणार? परंतु प्रत्येक पुस्तकाची तारखेसहित कार्बन प्रत माझ्या लोखंडी कपाटात आहे. कपाटाची किल्ली आजपासून वकीलबाईंकडे.

कलम ९. माझे म्हणून म्हणता येईल असे एकच पुस्तक आहे, ते सत्तेचाळिसावे. मालकांनी ते दादाच्या नावाने जाहीर करून टाकले आहे. दादा दर आठवड्याला विचारतो, "झालं का गं आपलं?" झाले आहे. दोनशे अठ्ठावीस पाने टेबलाच्या खणात आहेत, आणि शेवटचे प्रकरण बंद पाकिटात वकीलबाईंजवळ आहे. त्याची व्यवस्था अशी.

माझ्या पश्चात महिन्याच्या आत दादाने या खोलीत येऊन, या टेबलाशी बसून, ती दोनशे अठ्ठावीस पाने वाचावीत. किती दिवस लागले तरी चालेल. चहा मिळेल. फोन मिळणार नाही. भाचीने मदत करू नये, वहिनीने खाकरू नये. वाचून झाल्यावर त्याने खुनी कोण ते घड्याळदुरुस्तीवाल्यांना सांगावे आणि मग वकीलबाईंनी पाकीट फोडावे.

दादाचे उत्तर चुकले, किंवा तो आलाच नाही, तर सत्तेचाळिसावे पुस्तक भाचीने माझ्या नावाने छापावे आणि कपाटातल्या सर्व कार्बन प्रती वर्तमानपत्रांसमोर मांडाव्यात. संगमरवराचे काय करायचे ते मग मालकांनी बघावे.

दादाचे उत्तर बरोबर आले, तर सत्तेचाळिसावे पुस्तकही त्याचे. नाव त्याचे, हक्क त्याचे, आणि कार्बन प्रती त्याच्या देखत जाळून टाकाव्यात. मी कोण होते हे कोणाला कळायची गरज नाही.

हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. आणि पुढचेही दाखवावे. दादा, आयुष्यभर मी खुनी लपवला. या वेळी लपवलेला नाही. डोके चालवायचे काम नाही, धागेदोरे नाहीत, मनगटे मोजायला नकोत. मधल्या कुठल्याशा एका पानावर सरळ लिहिले आहे: खून अमक्याने केला. नावासकट, एका ओळीत. पान सांगणार नाही. शेंबड्या पोराला सापडेल, फक्त त्याने पाने उलटत, ओळीवर डोळे ठेवत तिथपर्यंत जायला पाहिजे.

वकीलबाईंनी एवढे टाइप झालेले वाचले. म्हणाल्या, "बाई, हे तर फारच सोपं झालं. नुसतं वाचलं तरी ते जिंकतील. सगळं पुन्हा त्यांच्याच नावावर जाईल. एवढा राग आहे तुम्हाला, आणि हे असं?"

राग आहेच. अंगाची लाही होते नुसती. म्हणून तर म्हणते, जिंकू दे त्याला. घेऊन जाऊ दे सगळे. दादा, एकदा तरी वाच रे मेल्या.

येथे मजकूर संपला. खाडाखोड नाही; जिथे ख पुसट उमटला आहे तो यंत्राचा दोष.

(सही) ठकी, वर वर्णन केलेली

आमच्या देखत बाईंनी सही केली आणि बाईंच्या देखत आम्ही केली:

(सही) साक्षीदार पहिले: घड्याळदुरुस्तीवाले, छत्रीवाल्याची सर्व पुस्तके वाचलेले

(सही) साक्षीदार दुसरे: डॉक्टर, तीन वाचलेले, चौथे चालू

ठिकाण: टंकलेखन वर्गाच्या वरची पुढची खोली
तारीख: एकोणीस सप्टेंबर, सकाळी साडेअकरा