बाबांच्या टॅबवरचा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

फोनवर आज तीन नवी अ‍ॅप्स चढली. हौस म्हणून नव्हे — हुकूम!

बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, केबिनमध्ये बोलावलं. एक अ‍ॅप पुस्तकं नोंदवायला, एक कामांची यादी ठेवायला, एक वेळापत्रकाला. "महिनाभर वापरून बघा. चाललं तर सगळ्यांना देऊ." मी विचारलं, मीच का? तर म्हणाल्या, "तुमच्यामागे घरचा व्याप नाही ना फारसा."

व्याप नाही! बायको नाही, पोरं नाहीत, म्हणजे माणूस रिकामाच. बाबा आहेत. पण म्हातारा बाप व्यापात धरत नाहीत वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकाच्या मागच्या काळ्या पट्ट्यांवर फोन धरायचा. टुक् आवाज येतो — नाव, लेखक, प्रकाशक, सगळं हजर. नव्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. कबूल करतो, मजा आली.

जुन्या पुस्तकांना पट्ट्याच नाहीत. त्यांच्या मुखपृष्ठाचा फोटो काढायचा, मग अ‍ॅप अंदाज बांधतं. गुलाबाच्या लागवडीवरचं पुस्तक दाखवलं, तर म्हणे दातांचे विकार! देवघेवीच्या काउंटरवरची माझी सहकारी पोट धरून हसली. "अहो, दोन्हीकडे मुळाशीच दुखणं की!"

पुष्कळ दिवसांनी कामात हसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

रविवारचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर एका चौकोनात ताई, एका चौकोनात धाकटी, तिसऱ्यात बाबा आणि मी कोंबलेले. बोलता बोलता मी वेळापत्रकाच्या अ‍ॅपचं सांगून बसलो. ताईचे डोळे चमकले. "अरे, मग घरासाठीपण करू की! बाबांची औषधं, व्यायामवाला, तपासण्या... सगळ्यांनी मिळून!"

सगळ्यांनी मिळून. प्रत्येकाला एक रंग. ताईचा हिरवा, धाकटीचा पिवळा, माझा निळा. संध्याकाळपर्यंत अख्खा महिना भरला — निळ्यानं! हिरवा चौकोन एकच: 'बाबांना फोन करणे'. पिवळा तर शोधूनही सापडला नाही.

आणि वर ठिपका. कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं. धाकटी म्हणाली, "दादा, तू कुठे आहेस ते दिसलं की आम्हाला बरं वाटेल. परत काही झालं तर?"

परत काही झालं तर. हे वाक्य आलं की मी हो म्हणूनच टाकतो. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालतात. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात फिरू दे, एकट्यानं खाली जायचं नाही. तेव्हापासून मी लायब्ररी सुटली की सरळ घरी. दुपारपर्यंत कामाच्या मावशी असतात. नंतर बाबा एकटे, आणि संध्याकाळपासून मी.

ताईनं बाबांच्या टॅबवरही ते अ‍ॅप घालायला लावलं, नुसतं बघायला; ते कुठे जाणार, म्हणून त्यांचा ठिपका काही लावला नाही. म्हणे, "तेवढाच त्यांना विरंगुळा."

१२ फेब्रुवारी, बुधवार

विरंगुळा! ज्या माणसानं फोनवर कधी स्वतःहून नंबर लावला नाही, तो तीन दिवसांत या अ‍ॅपमध्ये तरबेज झालाय. नाहीतरी हयात रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. फळीवर लुकलुकणारे दिवे बघून कुठली गाडी कुठे आली ते सांगायचे. आता मी त्यांची गाडी.

आज लायब्ररीचं दार ओढलं, पायरी उतरलो, आणि फोन. "निघालास का?"

"हो."

"सरळ येतोयस ना?"

मी रोज पुलावर जरा थांबतो. काही करत नाही. कठड्याला टेकायचं, खालच्या पाण्याकडे बघायचं. दिवसभरात तेवढं एकच माझं. घरी आलो तर बाबा कॉटवर पाय लांब करून पडलेले, पांघरूण छातीपर्यंत.

"पुलावर काय होतं रे?"

"काही नाही."

"मग थांबलास कशाला?"

मी कुकर लावायला गेलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामांच्या यादीतल्या कामावर खूण केली की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडतात आणि 'शाब्बास!' असं येतं. आज 'बाबांच्या गोळ्या आणणे' याला शाब्बास मिळाली. घरात-दारात मला शाब्बास म्हणणारं एवढं एकच!

आज पुलावर थांबलो नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लाज आणली बाबांनी.

जुन्या पुस्तकांचं तळघर नोंदवायला घेतलंय. तिथे फोनला रेंज नाही. अ‍ॅप पुस्तकं धरून ठेवतं, वर आलं की चढवतं, त्यामुळे कामाला अडचण नाही. पण माझा ठिपका गुल! बाबांनी थेट काउंटरवर फोन लावला. सहकारी जिना उतरून धापा टाकत आली. "तुमचे बाबा विचारतायत, तुम्ही कुठे नाहीसे झालात? आवाजावरून फार घाबरलेले वाटले हो."

वर जाऊन बोललो. "बाबा, मी लायब्ररीतच आहे. तळघरात."

"किती वेळ असशील?"

"सुटेपर्यंत."

"नक्की ना? मध्येच निघणार नाहीस ना?"

एवढी भीती वाटते त्यांना एकट्यानं! राग कसा धरायचा? आणि नाही धरला तर जाऊ कुठे तो घेऊन? पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस मी. हजेरी द्यायला परत शाळेत बसल्यासारखा.

बाबांची दाढी मात्र हल्ली गुळगुळीत असते. मावशी हौशी दिसतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फिरतं वाचनालय सुरू होतंय!

एक जुनी व्हॅन मिळालीय. आत कपाटं बसवून ती डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर न्यायची. तिकडे लायब्ररीच नाही. पुस्तकं फोनवरच नोंदवायची, फोनवरच द्यायची-घ्यायची. रेंज नसली तरी चालणारं अ‍ॅप लागेल, आणि ते कोणाला येतं? बाई म्हणाल्या, "तुम्ही तळघरात केलंत तेच तिकडे करायचं. आठवड्यातून दोन रात्री बाहेर राहावं लागेल. जमेल?"

तोंडातून 'हो' निघणारच होतं. ओठ चावला.

"घरी विचारून सांगतो."

डोंगरापलीकडे! मी या शहराबाहेर शेवटचा कधी गेलो तेच आठवत नाही. कोणीतरी व्हॅनची वाट बघत रस्त्यावर उभं आहे आणि मी दार उघडून पायरी खाली सोडतोय, असं दिवसभर डोळ्यांपुढे येत होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कॉलवर सांगायचं ठरवून बसलो होतो. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"ताई, लायब्ररीत एक नवीन काम निघालंय —"

"नवीन काम? घरी यायला उशीर नाही ना व्हायचा? हे बघ, तू आहेस म्हणून आम्ही इकडे सुखानं झोपतो. खरंच सांगते, तू नसतास तर काय केलं असतं रे आम्ही!"

धाकटीचे डोळे भरले. बाबा टॅबकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही नाही, तसलं काही नाही. तळघराचंच काम."

शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. कौतुकापुढे काय भांडणार? हात बांधायला दोरी लागतेच असं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी परत विचारलं. पुढच्या सोमवारी नाव पक्कं करायचंय. नाहीतर दुसरा माणूस बघणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सगळं क्रमानं लिहून काढतो.

व्हॅन गॅरेजात रंगवायला टाकलीय. एकदा डोळ्यांनी बघायची होती. पण गॅरेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. ठिपका तिकडे दिसला की झालीच उलटतपासणी! म्हणून फोन टेबलाच्या खणात टाकला, बाईंची परवानगी घेतली आणि दुपारीच निघालो. चोरासारखा. पण खिसा इतका हलका वाटत होता म्हणून सांगू!

व्हॅन पिवळी केलीय. आत ओल्या रंगाचा वास. रंगाऱ्यानं चढू दिलं. रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला आणि बाहेर आलो. रडू येईल की काय असं वाटलं. परत लायब्ररीत जावंसं वाटेना. सरळ घरी आलो.

दाराला कुलूप.

बाहेरून! हाक मारली, बेल दाबली. माझ्याजवळच्या किल्लीनं उघडलं. कॉट रिकामी, वॉकर नाही. न्हाणीघर आधी बघितलं — तिथेही नाहीत. फोन लावायला खिशात हात घातला, तर फोन खणात! जिना कसा उतरलो आठवत नाही. वॉचमनचा दंड धरला. "बाबा कुठायत? कोणी नेलं त्यांना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सलूनमध्ये, मागच्या गल्लीत. रोज जातात की. मी लिफ्टमधून उतरवून देतो. तुम्हाला माहीत नाही?"

धावत गेलो. सलूनचं दार अर्धं उघडं. आत तीन म्हातारे पत्त्यांचा डाव मांडून बसलेले, चौथे बाबा. टोपी तिरकी, बाह्या वर सारलेल्या, वॉकरला कोट अडकवलेला. कोणावर तरी ओरडत होते — "अरे लबाडा, एक्का दाबून बसलास होय!" — आणि हसत होते. खदाखदा. असं हसताना त्यांना मी आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून, टॅब. त्यावर नकाशा. त्यावर मी.

सलूनवाला दाराकडे पाठ करून वस्तऱ्याला धार लावत होता. टॅबकडे नजर टाकून म्हणाला, "काका, बसा निवांत. पोरगं अजून लायब्ररीतच आहे."

बाबांनी मान वर केली आणि मी दिसलो.

हातातले पत्ते त्यांनी पालथे टाकले. मग बोलले, आणि तेही भडकून. "फोन कुठे टाकलास तू?"

जणू मीच फसवलं होतं त्यांना!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात अबोला. चहा मी ठेवला, त्यांनी घेतला. कपांचाच काय तो आवाज.

म्हणजे 'निघालास का' हे कशासाठी होतं? मी निघालो की हे उठणार, लिफ्ट, कुलूप, कॉट, पांघरूण. मी पुलावर थांबलो की ह्यांचा हिशेब चुकणार. आणि मी त्यांच्या भीतीची कीव करत बसलो!

वाटेत पाय घसरला असता तर? खुबा परत मोडला असता तर? आता एक मिनिट एकटं सोडायची सोय राहिली नाही. व्हॅन गेली. रविवारी ताईला सगळं सांगणार. पूर्ण दिवसाचा माणूस ठेवू, आणि संध्याकाळ-रात्र आहेच मी. सोमवारी बाईंना नाही म्हणून टाकतो.

१ मार्च, शनिवार

अ‍ॅप्सचा अहवाल लिहून ठेवला. पुस्तकं नोंदवायचं उत्तम. यादीचं ठीक. वेळापत्रकाचं घ्यायचं असेल तर ठिपका बंद ठेवून घ्या, असं लिहिलं. कारण दिलं नाही.

२ मार्च, रविवार

मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "मी रोज खाली जातो. सलूनमध्ये. पत्ते खेळतो."

दोन्ही चौकोनांत एकच गिल्ला! ताई ओरडतेय, धाकटी रडतेय — बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय, बाबा, दादाचा तरी विचार करा! बाबांनी शांतपणे टॅब पालथा घातला. पालथ्या टॅबखालून बहिणींचे आवाज येतच राहिले.

"त्याचाच विचार करतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वर्ष झालं, संध्याकाळी तोंड पाडून घरी येतोस. माझ्यासाठी सगळं सोडून येतोस. मग निदान आजारी तरी दिसायला नको का मी? तू दारातून आलास की पांघरूण घ्यायचं, कण्हायचं. दमलो मी."

"मला सांगायचं नाही?"

"तू सांगतोस? त्या दिवशी ताईला कुठलं काम म्हणत होतास?"

मग मी सांगितलं. व्हॅन, पिवळा रंग, डोंगरापलीकडच्या वस्त्या. आठवड्यातून दोन रात्री बाहेर, हे मात्र जिभेवर येऊन राहिलं.

३ मार्च, सोमवार

बाईंना हो म्हणून आलो. घरी येऊन, बुटांसकट, दारातच उभ्यानं सांगून टाकलं — बाबा, आठवड्यातून दोन रात्री मी घरी नसेन.

बाबांचा चेहरा पडला.

"दोनच?"